तीन रजिस्टरं, एकच मूल

जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांच्या कपाटात तीन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक आरोग्य तपासणीचं. त्यात उंची, वजन आणि गोळ्या वाटल्याच्या नोंदी. दुसरं क्रीडा साहित्याचं. त्यात दोऱ्या, चेंडू, रिंगा किती आल्या आणि किती निकामी झाल्या. तिसरं ग्रंथालयाच्या देवघेवीचं. तिन्ही वेळेवर भरली जातात आणि केंद्रप्रमुख तिन्हींवर सही करतात. पण चौथीतली जी मुलगी वाचनात मागे आहे, तीच खो-खोत दोन फेऱ्यांत दमून खाली बसते आणि तिच्याच आरोग्य पत्रिकेवर ‘रक्तक्षयाची लक्षणं’ असा शेरा आहे, हे या तीन रजिस्टरांतून कुणाच्या नजरेत भरत नाही. वाचनाचा शिक्षक तिला ‘कच्ची’ म्हणतो, खेळ घेणारा ‘आळशी’ म्हणतो, आणि आरोग्य पथकाचा शेरा कागदावरच राहतो.

या तिन्ही नोंदी एका मुलापाशी कशा आणून ठेवायच्या, ते इथे सांगायचं आहे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीवरचे पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. यासाठी नवा उपक्रम नको, नवं अ‍ॅप नको. शाळेत आधीच चालू असलेल्या गोष्टी एकमेकींना जोडायच्या आहेत.

आणि हे काही हौसेचं जादा काम नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीतच लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, मैदान हवं आणि प्रत्येक वर्गाला लागेल तसं खेळाचं साहित्य हवं. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही त्यात आहे. म्हणजे पीटीचा तास गणिताला देणं किंवा पुस्तकांचं कपाट कुलपात ठेवणं हे मुलांच्या हक्काचं काढून घेणं आहे. पालकांनी समितीत हे स्पष्ट शब्दांत बोलायला हरकत नाही.

एका मुलाला एक पान

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस यासाठी काढा. साधी दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. पानावर उंची, वजन, डोळे, कान, दात, गोळ्यांची नोंद, वाचनाची पायरी, शेवटचं नेलेलं पुस्तक आणि आवडता खेळ. एवढंच. यातलं बरंचसं तुम्ही आजही लिहिताच, फक्त तीन ठिकाणी लिहिता.

सुरुवात डोळ्यांपासून करा. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त हाती लागतं ते इथेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ‘ई’चा तक्ता मागून घ्या. त्यावर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेलं असतं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या पहिलीतल्या मुलालाही तपासता येतं. तक्ता चांगल्या उजेडात, मुलाच्या नजरेच्या उंचीवर टांगा. टेपने सहा मीटर मोजून जमिनीवर खडूची रेघ मारा आणि मुलाला तिथे उभं करा. एक डोळा तळहाताने झाकायचा, पण दाबायचा नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर थोडा वेळ धूसर बघतो आणि दुसऱ्या फेरीचं उत्तर चुकतं. तुम्ही अक्षराखाली पट्टी धरा. अक्षराचे दाते वर आहेत, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते मुलानं हाताने दाखवायचं. रांगेत मागे उभी असलेली मुलं ऐकून ऐकून क्रम पाठ करतात, म्हणून बाकीच्यांना खोलीबाहेर बसवा. आधी चष्मा असलेल्या मुलाची तपासणी चष्मा घालूनच करा.

खालच्या ओळी ज्याला दाखवता येत नाहीत, जो डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो किंवा पुस्तक नाकाशी धरतो, त्याचं नाव वेगळ्या यादीत लिहा. निदान आपण करायचं नाही, चष्म्याचा नंबर ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी काढतील. आपलं काम संशयित नावं वेळेत पोहोचवण्याचं. तोवर त्या मुलाला फळ्याजवळ बसवा, त्यासाठी कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

चष्मा मिळाला की काम संपलं असं समजू नका. घरी तो फुटेल म्हणून ट्रंकेत जपून ठेवला जातो, शाळेत ‘चष्मिष’ म्हणून चिडवाचिडवी होते, आणि दोन महिन्यांत चष्मा नाहीसा होतो. मुलीच्या बाबतीत तर ‘आत्तापासून चष्मा लागला तर पुढं लग्नाचं काय’ हा विचारही आईवडिलांच्या मनात असतो. म्हणून चष्मा देताना आई किंवा वडिलांना शाळेत बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलाला चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय फळा वाचायला लावा. मूल अडखळताना आणि मग धडाधड वाचताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की वेगळं समजवावं लागत नाही.

कानांकडे आपलं लक्ष त्याहून कमी असतं. कान वाहणारं मूल ‘पावसाळ्यात होतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. पण सतत कान वाहत असेल तर ऐकू कमी येतं. अशा मुलाला श्रुतलेखनात ‘त’ आणि ‘थ’, ‘द’ आणि ‘ध’ यांतला फरक टिपणं अवघड जातं, आणि आपण ती शुद्धलेखनाची चूक धरतो. मागून हळू आवाजात नाव घेतल्यावर जे मूल वळत नाही, त्याचं नावही यादीत जायला हवं.

त्याच पानावर वाचनाची पायरी लिहा. ‘असर’ पाहणीत २००५ पासून स्वयंसेवक गावोगाव घरी जाऊन जे साधन वापरतात, ते कोणत्याही शिक्षकाला जमण्यासारखं आहे. अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, अशा चार पायऱ्या. एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. मुलाला शेजारी बसवा, वर्गासमोर उभं करू नका. परिच्छेदापासून सुरू करा, जमला तर गोष्टीकडे जा, नाही जमला तर शब्दांकडे उतरा. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. ते लक्ष्य योग्यच आहे, पण जूनमधल्या या पहिल्या बैठकीत मी घड्याळ बाजूला ठेवीन. मूल घाबरलं की येणारं वाचनही अडतं.

पट वीस-पंचवीसचा असेल तर दोन आठवड्यांत वही भरते. मग एका संध्याकाळी सगळी पानं एकत्र चाळा. वाचनात खालच्या पायरीवर असलेल्या मुलांपैकी किती जण डोळ्यांच्या यादीत आहेत? कितींचं वजन वर्षभरात वाढलेलं नाही? प्रत्येक मागे राहिलेल्या मुलाला आजार असतो असं मुळीच नाही. अनेकांना घरी कुणी कधी गोष्ट वाचून दाखवलेली नसते, एवढंच कारण असतं. पण कोणाला औषध हवं आणि कोणाला गोष्ट, हे वेगळं करता येतं ते या वहीमुळेच.

पथक येण्याआधी आणि गेल्यावर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, इतर आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. त्यांच्या हाती एका दिवसाला शेकडो मुलं असतात, त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. तो वेळ सार्थकी लावायचा असेल तर पथकाच्या हाती यादी द्या: ही सहा मुलं डोळ्यांसाठी, ही दोन कानांसाठी, हा मुलगा धावताना ओठ निळे पडतात म्हणून, ही मुलगी सारखी दमते म्हणून. वर्षभर मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाला जे दिसतं ते तपासणीच्या टेबलावर दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

पथक गेल्यावरचं काम अधिक अवघड आहे. संदर्भ चिठ्ठी हातात पडते, पण जिल्हा रुग्णालयाला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचा खर्च होतो आणि तिथे कोणत्या खिडकीवर जायचं ते माहीत नसतं. इथे समितीनं पुढं यावं. आशाताईंना बरोबर घेऊन गावातल्या सगळ्या चिठ्ठीवाल्या मुलांचा एकच दिवस ठरवा, म्हणजे चार पालक एकमेकांच्या सोबतीनं जातील. परत आल्यावर काय झालं ते त्याच वहीत मुलाच्या पानावर लिहा. तारीख पुढची मिळाली असेल तर तीही लिहा, कारण दुसऱ्या फेरीलाच मुलं गळतात.

गोळी आणि ताट

लोहाच्या साप्ताहिक गोळ्या शाळेत येतात. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी, त्यांत ४५ मिलिग्रॅम लोह. दहा वर्षांवरच्यांसाठी निळ्या, त्यांत ६० मिलिग्रॅम. नियम साधे आहेत. गोळी जेवणानंतरच द्यायची, रिकाम्या पोटी नाही. शिक्षकांच्या डोळ्यांसमोर गिळायची, घरी द्यायची नाही. ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी द्यायची नाही. चहा किंवा दूध लगेच घ्यायचं नाही, उलट ताटात लिंबाची फोड असेल तर लोह चांगलं अंगी लागतं. शौचाचा रंग काळा होतो आणि कधी थोडं मळमळतं, हे आधीच्या पालक सभेत सांगून टाका. हे न सांगितल्यानं एका मुलाला मळमळलं की अफवा उठते आणि गावातली निम्मी मुलं गोळी घ्यायचं बंद करतात.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, अमरावतीच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. सिकलसेलचं निदान झालेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा मुलाला खेळातून काढूनही टाकू नका. त्याला मध्ये मध्ये थांबू द्या, भरपूर पाणी प्यायला द्या, उन्हात दमछाक होईल असं पळवू नका. त्याच्या पानावर हे ठळक लिहून ठेवा, म्हणजे बदलीवर आलेल्या नव्या गुरुजींना पहिल्याच दिवशी कळेल.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. लहानांच्या ताटात ५० ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. वाटण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते आणि त्यांत एक शिक्षक असायला हवा. समितीवरच्या आयांनी आळीपाळीनं या चवीला यावं. त्यांना डाळ पातळ झाली की लगेच कळतं, आणि स्वयंपाकी ताईंची अडचण काय तेही कळतं. परसबागेत शेवग्याची दोन झाडं लावा. पाला लोहाला, शेंगा आमटीला.

बारा मैदानात, धावतात चार

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे प्रकार करावेत. वेळापत्रकातले पीटीचे तास याला पुरणारे नाहीत, म्हणून आहेत ते तास रांगेत उभं राहण्यात घालवता येणार नाहीत.

आपला खो-खोच घ्या. नियमाप्रमाणे आठ जण चौकोनांत बसतात, एक पाठलाग करतो आणि तिघे पळतात. बारांपैकी एका वेळी चारच धावत असतात आणि वर्गातली बाकीची मुलं रेघेबाहेर उभी. स्पर्धेसाठी हे ठीक आहे. रोजच्या तासाला मात्र दोन-तीन छोटी मैदानं आखा. चार बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे, दोन मिनिटांची पाळी, आणि लगेच अदलाबदल. खो देणं, दिशा बदलणं, चपळाई, सगळं शिकून होतं आणि दम प्रत्येकाला लागतो.

बाद झालेल्याला बाहेर बसवणारे खेळ लहान वर्गांना कमी द्या. सर्वांत आधी बाद होणारं मूल बहुतेक वेळा तेच असतं, ज्याला धावण्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्यापेक्षा विषामृत आणि साखळी बरी, कारण त्यांत बाद झालेलं मूलही खेळात राहतं. लंगडीनं तोल आणि पायांची ताकद येते, तिला साहित्य लागत नाही. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. पाऊस असेल तेव्हा व्हरांड्यात लेझीम किंवा सूर्यनमस्कार. सहावी-सातवीच्या मुलांना लेझमीचे पवित्रे शिकवायला गावातलीच जाणती मंडळी बोलवा, ती आनंदाने येतात.

मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याची शिक्षा कायमची बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला मनाई आहेच. शिवाय धावणं ही शिक्षा आहे, असं मुलाच्या मनात एकदा बसलं की ते पुढं कशाला धावेल?

सहावीनंतर मुली हळूहळू मैदानातून कडेला सरकतात. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीला ठरवू द्या, पण पाणी असलेलं स्वच्छ स्वच्छतागृह आणि पॅड शाळेत असलेच पाहिजेत, नाहीतर ती चार दिवस शाळेतच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. ती बातमी वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर, मुलींना वाचता येईल इतक्या खाली चिकटवा.

‘खेलो इंडिया’च्या तंदुरुस्ती चाचण्या शाळेत घेता येतात. लहानांसाठी एका पायावर तोल आणि हाताची चपळाई. नऊ वर्षांवरच्यांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढं वाकणं वगैरे. जूनचा आकडा आणि डिसेंबरचा आकडा त्या मुलाच्या पानावर एकाखाली एक लिहा. वर्गात पहिला कोण, हे जाहीर करू नका. सहा महिन्यांपूर्वी जिला ६०० मीटर चालावं लागलं आणि आता अर्धं अंतर धावता आलं, तिला तिचं पान दाखवा.

कपाटाचं कुलूप

वाचनाबद्दल सर्वांत आधी सांगायचं ते कुलपाबद्दल. पुस्तक हरवलं तर वसुली आपल्याकडून होईल या भीतीनं अनेक शिक्षक कपाट उघडत नाहीत. ही भीती खोटी नाही. म्हणून समितीच्या सभेत ठराव करून घ्या की दरवर्षी हाताळून काही पुस्तकं फाटणार आणि हरवणार, हे समितीला मान्य आहे. ठराव सभेच्या इतिवृत्तात लिहा आणि सह्या घ्या. एवढ्या एका कागदावर कपाटं उघडतात.

उघडल्यावर पुस्तकं पाठीनं नव्हे, चेहऱ्यानं मुलांना दिसली पाहिजेत. भिंतीला दोन खिळे, मध्ये सुतळी आणि तिच्यावर अडकवलेली पंधरा-वीस पातळ पुस्तकं. दर सोमवारी पुस्तकं बदला. देवघेवीची वही चौथी-पाचवीच्या दोन मुलांकडे सोपवा, महिन्यानं जोडी बदला. पुस्तक परत आल्यावर ‘काय शिकलास’ हे विचारू नका. ‘कुणाला सांगशील हे वाच म्हणून?’ असं विचारा. मग तो ज्याचं नाव घेईल त्याच्याकडे पुस्तक जाऊ द्या.

रोज दहा मिनिटं शिक्षकांनी मोठ्यानं वाचून दाखवावं. माझ्या मते सगळ्या वाचन उपक्रमांत हा एकच असा आहे की बाकीचं काही जमलं नाही तरी हा सोडू नये. परिपाठाला जोडून करा किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर करा, पण वेळ ठरलेली हवी. पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वाचून दाखवा, चित्रं प्रत्येकापर्यंत न्या, मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ एवढंच विचारा. पाचवी-सातवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे रोज एक प्रकरण, आणि उत्कंठेच्या जागी थांबा. दुसऱ्या दिवशी हजेरी पाहा.

मुलांच्या घरची बोली वेगळी असेल, पावरी, कोरकू, गोंडी, वारली, अहिराणी, बंजारा, तर गोष्टीवरची चर्चा त्या बोलीत होऊ द्या. मूल आपल्या बोलीत सांगेल, तुम्ही फळ्यावर मराठीत लिहाल, आणि ते वाक्य त्या मुलाचं पहिलं वाचनाचं वाक्य होईल. गावातल्या आजी-आजोबांच्या गोष्टी मोठ्या मुलांकडून अशाच लिहून घ्या, चित्रं काढून शिवा. असं हस्तलिखित पुस्तक कपाटातल्या इतर पुस्तकांपेक्षा आधी संपतं.

पुस्तकं मिळवायला फार पैसे लागत नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात, उतरवून छापायचीही मोकळीक आहे. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्त असतात. आणि गावातलं किंवा शेजारच्या गावातलं ‘ड’ वर्ग ग्रंथालय विसरू नका. ग्रंथपालांना भेटून शाळेच्या नावे सभासदत्व घ्या, महिन्याला एक पेटी पुस्तकांची अदलाबदल ठरवा. त्यांनाही बालवाचक हवेच असतात.

समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या निकषांत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० आणि खेळाच्या साहित्यासाठी ५,००० रुपयांची तरतूद आहे, उच्च प्राथमिकला त्याहून जास्त. प्रत्यक्ष किती मंजूर झाले हे अनुदानाच्या पत्रात पाहा आणि समितीसमोर वाचून दाखवा. खरेदी करताना जाड, महागड्या संदर्भग्रंथांचा संच घेऊ नका. तितक्याच पैशांत पातळ पुस्तकं ढिगानं येतात. खेळाच्या पैशांतही एकच कॅरम किंवा एकच व्हॉलीबॉल घेण्यापेक्षा दोरीउड्यांच्या दोऱ्या, रबरी चेंडू आणि रिंगा घ्या, म्हणजे एका वेळी सगळ्या वर्गाच्या हातात काहीतरी येईल.

द्विशिक्षकी शाळेत हे सगळं बसवायचं कसं, असा प्रश्न येतोच. एका शिक्षकानं पहिली-दुसरीला मैदानात न्यावं, दुसऱ्यानं त्याच वेळी तिसरी-चौथीला वाचायला बसवावं, आणि मग अदलाबदल. खेळाच्या तासाला लागूनच वाचन ठेवा. धावून आलेली मुलं पाणी पिऊन पाच-सात मिनिटांत शांत होतात आणि पुस्तकात अधिक वेळ टिकतात. खेळातूनच वाचायला मजकूरही मिळतो. लगोरीचे नियम चौथीच्या मुलांनी लिहायचे आणि तिसरीच्या मुलांनी ते वाचून खेळायचं. नियम अर्धवट लिहिला असेल तर मैदानात भांडण होतं, मुलं परत येऊन वाक्य दुरुस्त करतात. ओआरएसचं पाकीट वर्गात आणा, त्यावरचा मजकूर मुलांना वाचू द्या आणि त्यांच्याच हातानं एक लिटर पाणी मोजून द्रावण करून घ्या. ते मूल घरी धाकट्या भावंडाला जुलाब झाल्यावर पाकीट वाचून दाखवू शकेल. आजच्या आहाराची पाटी रोज वेगळ्या मुलानं लिहावी.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. महिन्याच्या सभेत नेहमीचे विषय झाले की ती वही टेबलावर घ्या. नावं न घेता तीन प्रश्न विचारा: किती संदर्भ चिठ्ठ्या अजून अपुऱ्या आहेत, या महिन्यात एकही पुस्तक न नेलेली मुलं किती, आणि पीटीचे किती तास दुसऱ्या कामाला गेले. मुलांच्या आजारांची माहिती खासगी आहे, वही समितीत फिरवू नका. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी. शाळेत कुलूप लावायचं असेल तर या एका वहीला लावा.

बीड, जालना, अहिल्यानगरच्या भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे मूल मागे राहणार असेल तर उत्तम, त्यासाठी सप्टेंबरपासून पालकांशी बोलायला लागा. बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रकाबरोबर त्या मुलाच्या पानाची प्रत द्या. त्यात वाचनाची पायरी, चष्म्याचा नंबर, राहिलेली चिठ्ठी आणि गोळीची शेवटची तारीख असेल. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी वर तुमचा फोन नंबर लिहा. आणि दप्तरात दोन पुस्तकं घाला, देवघेवीच्या वहीत परतीची तारीख ‘एप्रिल’ अशी लिहून.